सर्जन होऊन आयसीयूत का बसायचं?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डॉक्टर ताई, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला द्राक्षबागायतदार. थोरली मुलगी यंदा एमएस जनरल सर्जरी झाली. आम्हाला वाटलं, आता सांगलीत किंवा विट्यात दवाखाना टाकेल. ती म्हणते, अजून शिकायचंय, सर्जिकल क्रिटिकल केअरची फेलोशिप करायचीय, त्यात संशोधनही असतं. पाहुणे विचारतात, ‘एवढी सर्जन झाली आणि आता आयसीयूत बसून सलाईन मोजणार का?’ मला उत्तर देता येत नाही. हे शिक्षण नेमकं काय असतं? इथे मिळतं की अमेरिकेलाच जावं लागतं? बागेवर कर्ज आहे आणि मुलीच्या लग्नाचंही बघायचंय. मोकळेपणाने सांगा.

उत्तर : दादा, तुमच्या लेकीचा निर्णय मला पटतो. का पटतो ते सांगायचं तर माझ्या हातून गेलेल्या एका माणसाची गोष्ट सांगावी लागेल.

एमएस होऊन मला दोन वर्षं झाली होती. मी एका छोट्या गावातल्या रुग्णालयात काम करत होते. पन्नाशीचा एक शेतकरी आला. जठराचा अल्सर फुटलेला, पोट लाकडासारखं घट्ट. मी ऑपरेशन केलं, भोक बुजवलं, पोट धुतलं, टाके घातले. ऑपरेशन चांगलं झालं, हे मी आजही म्हणेन. रात्री दहाला लघवी कमी झाली. मी सलाईन वाढवलं. बारा वाजता लघवी जवळजवळ बंद, पोट तट्ट फुगलेलं, श्वास उथळ. मी आणखी सलाईन लावलं. पहाटे पाचला तो गेला. बाहेर बाकावर त्याची बायको शिदोरी सोडून बसली होती. तिला मी सांगितलं, ‘ऑपरेशन यशस्वी झालं होतं.’ ते वाक्य आजही माझ्या घशात अडकतं.

त्याच्या पोटातला दाब वाढला होता. सुजलेली आतडी, त्यात माझं सलाईन, वरून घट्ट घातलेले टाके. त्या दाबाखाली मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा चेपला आणि छातीचा पडदा वर ढकलला गेला. पोट पुन्हा उघडायला हवं होतं. हा दाब लघवीच्या नळीतून मोजता येतो, पाऱ्याच्या वीस मिलिमीटरच्या वर गेला आणि सोबत एखादा अवयव बंद पडू लागला तर वेळ दवडायचा नसतो, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. चाकू धरायला शिकवलं होतं. चाकू खाली ठेवल्यानंतरच्या बारा तासांत काय बघायचं, हे मात्र मी तोवर अंदाजानेच करत आले होते.

हे बारा तास, पुढचे बारा दिवस, कधी बारा आठवडे, यांचं शिक्षण म्हणजे सर्जिकल क्रिटिकल केअर. पाहुण्यांना एवढं सांगा.

आता एक रात्र जवळून दाखवते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. ऊसतोडीचा हंगाम होता. चोवीस वर्षांचा तरुण, ट्रॉलीचं चाक पोटावरून गेलेलं. यकृत फाटलं होतं. थिएटरमध्ये त्याचं अंग हाताला गार लागत होतं, रक्तात आम्ल वाढलेलं आणि रक्त गोठायचं थांबलेलं. सुई जिथे टोचावी तिथून झिरपत होतं. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की प्रत्येक एक दुसरीला वाढवते. अशा वेळी सगळं नीट शिवत बसणारा सर्जन रुग्ण गमावतो. आम्ही यकृताभोवती कापडी घड्यांचे पॅक दाबून बसवले आणि पोट बंदच केलं नाही. तीन लिटरची निर्जंतुक सलाईनची पिशवी उभी कापून तिची चादर केली, ती पोटाच्या कडांना शिवली आणि चाळीस मिनिटांत बाहेर आलो. या पिशवीला ‘बोगोटा बॅग’ म्हणतात. कोलंबियातल्या सर्जननी ही युक्ती काढली, म्हणून त्यांच्या राजधानीचं नाव. आणि या सगळ्या पद्धतीला १९९३ साली फिलाडेल्फियाच्या सर्जननी ‘डॅमेज कंट्रोल’ म्हटलं. शब्द नौदलातला आहे. जहाजाला भोक पडलं की बंदर गाठण्यापुरतं ते बुजवायचं, रंगरंगोटी नंतर.

खरं काम त्यानंतर आयसीयूत झालं. गरम केलेलं सलाईन, ब्लँकेट, रक्त आणि प्लाझ्मा ठरलेल्या प्रमाणात, व्हेंटिलेटरवर त्याच्या उंचीच्या हिशेबाने छोटे श्वास, तासातासाला लघवी. अंग ऊबदार झालं, रक्त गोठू लागलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पॅक काढले. पिशवीतून आतडी दिसत होती. त्यांचा काळपट रंग हळूहळू गुलाबी होताना मी त्या खाटेशी उभी राहून बघितला. त्या दोन दिवसांत कधी उघडायचं, कधी थांबायचं, किती पाणी द्यायचं, हे ठरवणाऱ्याला पोटाच्या आतलं आणि व्हेंटिलेटरवरचं, दोन्ही कळावं लागतं. तुमची मुलगी ‘बसणार’ नाही, दादा. तिचे पाय दुखतील.

आता वाटांचं बघू. अमेरिकेत हा स्वतंत्र, मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आहे. जनरल सर्जरीची पाच वर्षांची रेसिडेन्सी आणि त्यावर एक वर्षाची फेलोशिप. त्या वर्षात ऑपरेशनं कमी आणि आयसीयू जास्त, हे नियमानेच ठरलेलं आहे. अपघात आणि तातडीच्या शस्त्रक्रियांसकट शिकायचं तर काही ठिकाणी दोन वर्षांचा ‘अॅक्यूट केअर सर्जरी’चा कार्यक्रम असतो. पण आपल्याकडच्या एमएसला तिकडे साधारणपणे परीक्षा देऊन रेसिडेन्सी पहिल्यापासून करावी लागते. काही रुग्णालयं परदेशी सर्जनला फेलोशिपचं एक वर्ष देतात. शिकायला ते उत्तमच, पण तेवढ्यावर तिथल्या बोर्डाचं प्रमाणपत्र मिळेल असं धरून कर्ज काढू नका. मी स्वतः तिकडे तीन महिने फक्त निरीक्षक म्हणून होते. रुग्णाला हात लावायची परवानगी नव्हती. तरी रोज सकाळच्या राऊंडला नर्स, फार्मासिस्ट, श्वसनोपचार तंत्रज्ञ आणि सर्जन एका खाटेशी वीस वीस मिनिटं उभे राहून प्रत्येक औषधाचा हिशेब मागतात, हे बघितलं. तेवढं एक घेऊन आले आणि इथे सुरू केलं.

आपल्या देशात सर्जनसाठी सगळ्यात सरळ वाट दिल्लीच्या एम्समध्ये आहे. तिथल्या जयप्रकाश नारायण अॅपेक्स ट्रॉमा सेंटरमध्ये ‘ट्रॉमा सर्जरी आणि क्रिटिकल केअर’ या विषयात एमसीएच, म्हणजे एमएसनंतरची अतिविशेष पदवी करता येते. तीन वर्षं, प्रवेश आयएनआय-एसएस या एम्ससारख्या केंद्रीय संस्थांच्या सामायिक परीक्षेतून. जागा मोजक्या आणि स्पर्धा कडक. डीएम (एमडीनंतरची अतिविशेष पदवी) क्रिटिकल केअर ही वाट मुख्यतः मेडिसिन, भूलशास्त्र, श्वसनविकार अशा एमडी मंडळींची आहे. इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन ही संस्था १९९३ पासून आहे, तिचेही अभ्यासक्रम चालतात. कुठेही अर्ज करण्याआधी एमएस सर्जरीला त्या वर्षी पात्र धरलंय का, हे माहितीपत्रकात तिने स्वतः वाचावं. कुणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नये.

याखेरीज मोठ्या खासगी रुग्णालयांच्या वर्षभराच्या फेलोशिप असतात आणि त्यातल्या काही नुसत्या नावाच्या. शिकवणूक नाही, फक्त स्वस्तात रात्रपाळीचा डॉक्टर. म्हणून प्रवेश घेण्याआधी तिथे दोन दिवस जाऊन राहायला सांगा. आधीच्या फेलोंना गाठून विचारावं : रात्री दोनला निर्णय कोण घेतं आणि वरिष्ठ खाटेशी येतात की फोनवरच? शस्त्रक्रिया झालेले रुग्ण किती, की सगळा डेंगी आणि न्यूमोनियाच? सर्जन म्हणून थिएटरला जायला मिळतं का? वर्षभर चाकू हातात आला नाही तर हात बोथट होतो. आणि गेलेल्या रुग्णांची महिन्याला उघड चर्चा होते का? जिथे ती होत नाही तिथे जाऊ नये, असं मी ठामपणे म्हणेन. मी त्या शेतकऱ्याबद्दल कुणाशी बोलू शकले असते, तर हे सगळं दोन वर्षं आधी शिकले असते.

पैशांचं : फेलोशिपच्या काळात विद्यावेतन मिळतं, श्रीमंती नाही. पुढे काम भरपूर आहे. सांगली-मिरजेला पश्चिम महाराष्ट्राचे रुग्ण येतात, तसेच अथणी, जमखंडी, विजापूरचेही. वॉन्लेस डॉक्टरांनी मिरजेत मिशनचा दवाखाना सुरू केला तेव्हापासून हा ओघ आहे. इथे चांगले सर्जन पुष्कळ आहेत. ऑपरेशननंतरची रात्र सांभाळणारा सर्जन मात्र शोधावा लागतो.

लग्नाचं एकच सांगते. रात्री अडीचला फोन आला तर गाडीची किल्ली हातात देणारं घर बघा. माझ्या सासूबाई थर्मासमध्ये चहा भरून द्यायच्या. त्या होत्या म्हणून मी टिकले.

प्रश्न : मॅडम, मी मिरजेत जनरल सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे क्रिटिकल केअरकडे जायचंय. सगळे म्हणतात, फेलोशिपला अर्ज करताना संशोधन दाखवावं लागतं. आमच्याकडे ना प्रयोगशाळा, ना निधी, ना वेळ. इथे राहून संशोधन कसलं करणार?

उत्तर : तुला ‘तू’च म्हणते, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे.

थर्मामीटर हातात घे. आपला नेहमीचा काचेचा. आकडे कुठून सुरू होतात बघ : ९४ फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३४.४ सेल्सिअस. आता सांग, ३३ वर आलेला अपघाताचा रुग्ण त्यावर दिसणार कसा? पारा तळाशीच राहतो, सिस्टर ‘९४’ लिहितात किंवा रकाना कोरा सोडतात. वरच्या गोष्टीतला तो ट्रॉलीखालचा मुलगा आठव. रक्त न गोठण्याचं एक मोठं कारण आपल्याकडे मोजायचं साधनच नसतं. मी जुने केसपेपर चाळले तेव्हा अपघाताच्या बहुतेक रुग्णांच्या पहिल्या पानावर तापमान नव्हतंच. कुणाचा हलगर्जीपणा म्हणून नव्हे. आपण ताप शोधतो, गारठा शोधतच नाही. खालचे आकडे दाखवणारा थर्मामीटर आण आणि वर्षभर प्रत्येक अपघातग्रस्ताचं दारातलं तापमान लिही. हे संशोधन आहे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

दुसरा प्रश्न घड्याळाचा. क्रॅश-२ ही अपघातातल्या रक्तस्रावावरची चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. ४० देश, २७४ रुग्णालयं, २०,२११ रुग्ण, त्यात भारतातली रुग्णालयंही होती. ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडसारख्या स्वस्त औषधाने रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, हे तिने दाखवलं. पण पुढच्या विश्लेषणात कळलं की पहिल्या तीन तासांतच ते द्यायचं, उशिरा दिलं तर अपायही होऊ शकतो. आता जतच्या पूर्वेकडे, उमदी-संखकडे अपघात झाला, तर आधी तिथल्या दवाखान्यात, मग जतला, मग मिरजेला. तो रुग्ण तुझ्यापुढे येतो तेव्हा तीन तासांतले किती उरलेले असतात? खंबाटकी घाटात जखमी झालेल्याचं उत्तर वेगळं, कारण तो हमरस्त्यावर असतो. हे लंडनचा प्राध्यापक नाही शोधू शकत. अपघाताची वेळ नातेवाइकांना विचारून रजिस्टरमध्ये लिहिणारा निवासी डॉक्टरच शोधू शकतो.

आणि परगावच्या उत्तरांनाही प्रश्न विचारायला शीक. २००१ साली एका अमेरिकन रुग्णालयातल्या २६३ रुग्णांच्या अभ्यासाने जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळतो त्या धक्क्यात (सेप्टिक शॉक) पहिल्या सहा तासांचं एक काटेकोर वेळापत्रक दिलं. आम्ही सगळ्यांनी ते डोक्यावर घेतलं. २०१४-१५ मध्ये तीन मोठ्या चाचण्या झाल्या आणि त्या वेळापत्रकाने नेहमीच्या चांगल्या उपचारांपेक्षा जास्त जीव वाचत नाहीत असं निघालं. लवकर ओळखणं आणि लवकर अँटिबायोटिक देणं हे टिकलं, बाकी पुष्कळ गळालं. २०१५ चीच स्टॉप-इट ही चाचणी बघ. पोटातल्या संसर्गाचा उगम ऑपरेशनने नीट बंद केला असेल तर सुमारे चार दिवसांचं अँटिबायोटिक सुमारे आठ दिवसांइतकंच चाललं. ५१८ रुग्ण होते. पण तुझा रुग्ण आतडं फुटून तिसऱ्या दिवशी येतो, आधी गावात चार इंजेक्शनं घेऊन. त्याला चार दिवस पुरतात का? हा विषय शोधनिबंधाला घे. फिशर आणि मूळव्याधीवरचे प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात पुष्कळ आहेत.

रीतीचं थोडं सांगते. संख्याशास्त्रज्ञाला आधी भेट, माहिती गोळा झाल्यावर नव्हे. नंतर भेटलास तर तो फक्त चुका सांगू शकतो. संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आल्याशिवाय एकही नोंद घेऊ नकोस, नुसतं थर्मामीटर लावायचं असलं तरीही. बेशुद्ध रुग्णाची संमती कुणाकडून घ्यायची हे त्यातच लिहून ठेव. आयसीयूत हा प्रश्न रोज येतो. उपचार बदलून बघणार असशील तर चाचणीची नोंदणी सीटीआरआय या देशाच्या चाचणी-नोंदवहीत पहिला रुग्ण घेण्याआधी करावी लागते. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा जैववैद्यकीय संशोधनाचा ऑनलाइन पाठ्यक्रम तुम्हा पदव्युत्तर मंडळींना सक्तीचा आहे. तो केवळ प्रमाणपत्रासाठी पळवू नकोस, अभ्यासाची आखणी कशी करायची हे सांगणारे भाग दोनदा ऐक.

वेळ नाही म्हणतोस, ते खरंय. मीही छत्तीस तासांच्या ड्यूट्या केल्यात. पण इंडिकॅप्स नावाच्या अभ्यासात देशभरातल्या शंभरावर आयसीयूंनी ठरवून फक्त चार दिवसांच्या नोंदी दिल्या. त्यातून चार हजारांहून जास्त रुग्णांचं चित्र उभं राहिलं. आपल्या आयसीयूत कोण येतं, काय उपचार होतात, कोण वाचतं, हे देशाच्या पातळीवर तेव्हा नीट दिसलं. त्यातल्या प्रत्येक आयसीयूचं काम तेवढंच होतं : चार दिवस, नीट. सांगली, मिरज, कराड, साताऱ्याचे निवासी डॉक्टर मिळून महिन्यातला एक दिवस ठरवून घेतला तर? तू पुढाकार घेत असशील तर माझं रजिस्टर तुला उघडं आहे.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. १९७६ साली अमेरिकेत नेब्रास्कात एक छोटं विमान शेतात कोसळलं. विमान चालवणारे जेम्स स्टायनर हे हाडांचे सर्जन. पत्नी जागीच गेली, मुलं गंभीर जखमी. जवळच्या ग्रामीण दवाखान्यात झालेले उपचार पाहून ते हादरले. शेतात आपण मुलांवर त्याहून बरे उपचार केले, असं त्यांना वाटलं. त्या दवाखान्याला दूषणं देत बसण्याऐवजी त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९७८ मध्ये अपघातग्रस्तांवरच्या सुरुवातीच्या उपचारांचा पहिला प्रशिक्षण वर्ग घेतला. १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो उचलला. आज तू ज्याला एटीएलएस म्हणतोस तो हाच. फेलोशिपच्या आधी तो करून टाक. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेतून नाही आला तो, मक्याच्या शेतातून आलाय.

प्रश्न : डॉक्टर, मी साताऱ्यात आयसीयूत स्टाफ नर्स आहे. ही सगळी ट्रेनिंग डॉक्टरांसाठीच असतात का? आणि मागच्या एका अंकात तुम्ही पोटातला दाब मोजायचं लिहिलं होतं. आमच्याकडे त्यासाठीचं मशीन नाही.

उत्तर : सिस्टर, तुमच्यासाठी दोन वाटा आहेत. क्रिटिकल केअर नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलचा दोन वर्षांचा ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा निवासी अभ्यासक्रम. दुसरा बीएस्सी नर्सिंगनंतर, अनुभवासह करता येतो आणि पदव्युत्तर पातळीचा आहे. त्यात प्रबंधही असतो, म्हणजे संशोधनही तुमचंच. माझ्या रजिस्टरमधल्या सगळ्यात विश्वासू नोंदी रात्रपाळीच्या सिस्टरांच्या हातच्या आहेत, हे मी प्रत्येक फेलोला दाखवते.

दाबाचं : मशीन नसलं तरी मोजपट्टी पुरते. रुग्ण पाठीवर सपाट झोपवा. हात स्वच्छ करून, निर्जंतुक पद्धतीने लघवीच्या नळीतून जास्तीत जास्त २५ मिली सलाईन आत सोडा. नळी सरळ वर उभी धरा आणि पाण्याची पातळी स्थिरावू द्या. कमरेच्या हाडाच्या रेषेत, कुशीच्या मध्यापासून पातळीपर्यंतची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तीही श्वास सोडून झाल्यावर. रुग्ण कण्हत किंवा पोट आवळत असेल तर आकडा खोटा येतो, तो शांत होईपर्यंत थांबा. आलेल्या आकड्याला १.३६ ने भागा, म्हणजे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये दाब मिळेल. १२ च्या वर दिसलं तर चार-सहा तासांनी पुन्हा मोजत राहा. पट्टीवर २७ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ २०. त्याच्या वर गेलं आणि लघवी कमी झाली असेल, तर सर्जनना झोपेतून उठवा. रागावले तरी उठवा.